पाचवी मागणी आणि परिहारकाल

बस्तिकर्म पूर्ण करून रुग्णास घरी पाठविताना आपण त्यास काय सांगतो, याचे प्रथम स्मरण करावे, अशी आमची वैद्यबंधुभगिनींस विनंती आहे. बस्तिक्रमात जितका काळ गेला त्याच्या दुप्पट काळ परिहाराचा, असा चरकसंहितेच्या सिद्धिस्थानातील पहिल्या अध्यायाचा दंडक आहे. शोधनाने क्षीण झालेल्या मनुष्याने प्रकृतिस्थ होईपर्यंत काय टाळावे, हेही त्याच स्थानाच्या शेवटच्या अध्यायात नेमके सांगितले आहे : उच्च स्वरात बोलणे, वाहनाचे हिसके, अतिचंक्रमण, दीर्घकाळ एकाच जागी बसणे, अजीर्ण व अहित भोजन, दिवास्वाप, मैथुन. आठ दिवसांचा क्रम असेल तर सोळा दिवस हे पाळावयाचे. विद्यार्थिदशेत आपण हे सारे मुखोद्गत केले, परीक्षेत लिहिले आणि गुणही मिळविले. व्यवसायात मात्र आपण म्हणतो, 'जमेल तेवढे सांभाळा.' रुग्णास दुसऱ्या दिवशी सकाळी करी रोडचा जिना चढून गाडी पकडावयाची असते, आठ तास खुर्चीवर बसावयाचे असते, दूरध्वनीवर बोलावयाचे असते. ग्रंथाने जे जे वर्ज्य केले तीच त्याची दिनचर्या आहे, हे आपणास ठाऊक असते. म्हणूनच हे सांगताना आपला आवाज आपोआप खाली येतो.

या 'जमेल तेवढे'विषयी काही स्पष्ट लिहावे असे बरेच दिवस मनात होते. निमित्त घडले ते आमच्याच हातून झालेल्या एका चुकीचे.

लालबागेतील एका चाळीतून एक माउली आपल्या सव्वीस वर्षांच्या मुलास घेऊन आमच्याकडे आली. मुलाचे आजोबा गिरणीत साचेखात्यात होते. मुलगा वाणिज्य पदवीधर, अंधेरीच्या एका खासगी कचेरीत बिले तपासण्याचे काम करणारा. तीन वर्षांपूर्वी एका सार्वजनिक रुग्णालयात त्यास स्वमग्नता असल्याचे निदान झाले होते. पण आईची तक्रार त्याविषयी नव्हतीच. ती म्हणाली, "डॉक्टर, हा कामावरून येतो तो माळ्यावर चढून दिवा बंद करून पडतो. जेवायला हाक मारली तरी ओ देत नाही. रविवारी तर बारापर्यंत उठत नाही. ह्याचा आळस तेवढा काढा." आम्ही नाडी पाहिली, जिव्हा पाहिली, अग्नीची चौकशी केली आणि केसपेपरवर लिहिले : आलस्य, कफप्राधान्य. ब्राह्मी व अश्वगंधा दिली. पहाटे उठून बारा सूर्यनमस्कार सांगितले, रविवारची झोप बंद करविली. आईस समाधान वाटले. आम्हासही वाटले.

सहा आठवड्यांनी ती एकटीच आली. मुलाचे घरात बोलणे थांबले होते. अंगावर पाणी घेणे, तिकीट काढणे, शर्टाच्या गुंड्या लावणे अशा रोज सहज होणाऱ्या गोष्टींपाशी तो अडून बसे. तिने सोबत त्याची एक वही आणली होती. तीत त्याने आमच्यासाठी चार ओळी लिहिल्या होत्या. औषधाविषयी तक्रार नव्हती. सकाळचा व्यायाम सुरू झाल्यापासून आणि रविवार गेल्यापासून आपल्यापाशी काही उरत नाही, एवढाच त्यांचा मथितार्थ. तीस वर्षांच्या व्यवसायात रुग्णाने आपली संप्राप्ती इतक्या थोडक्या शब्दांत आम्हास सांगितल्याचे स्मरत नाही.

त्या रात्री आम्ही सुश्रुताचे शारीरस्थान काढून चौथा अध्याय पुन्हा वाचला. तेथे तंद्रा, जृंभा, क्लम, आलस्य, ग्लानी, गौरव यांची लक्षणे एकापाठोपाठ दिली आहेत. पाठांतराच्या ओघात आपण त्यांकडे समानार्थी शब्दांसारखे पाहू लागतो. ते समानार्थी नाहीत. आलस्याच्या लक्षणात 'शक्त' हे पद आहे. सामर्थ्य असूनही ज्यास कर्मात उत्साह नाही, सुखाची ओढ व दुःखाचा द्वेष आहे, तो आळशी. क्लम म्हणजे आयास न करता देहात वाढत जाणारा श्रम, ज्यात धाप लागत नाही व इंद्रियांना आपले विषय ग्रहण करणे जड जाते. आमच्या रुग्णाची स्थिती दुसऱ्या लक्षणाशी जुळत होती आणि आम्ही पहिले लिहिले होते. ज्याचे सामर्थ्य संपलेले आहे त्यास आळशी म्हणण्याचा अधिकार शास्त्र आपणास देत नाही. आईने तो शब्द वापरला तो व्यवहारातला; आम्ही तो निदान म्हणून उतरवून घेतला, हा दोष सर्वस्वी आमचा.

आधुनिक वैद्यकातही हा विषय अलीकडेच नीट मांडला जाऊ लागला आहे. अमेरिकेत डोरा रेमेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये स्वमग्न प्रौढांशी बोलून एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात दीर्घकाळ टिकणारी थकावट, अंगवळणी पडलेली कौशल्ये गळून जाणे आणि आवाज-प्रकाशादी संवेदना सोसण्याची शक्ती घटणे, अशा तीन गोष्टी एकत्र येणारी अवस्था वर्णिली आहे. स्वतःस इतरांसारखे भासविण्याचे ओझे अहोरात्र वाहिल्याने ती येते, असे त्या प्रौढांनीच सांगितले. चारचौघांत नजरेस नजर देणे, गाडीच्या गर्दीत शांत उभे राहणे, कचेरीतील थट्टा समजल्यासारखे हसणे, यांत या मंडळींचे बल खर्ची पडते. बाहेरून पाहणाऱ्यास त्याचा आयास दिसत नाही. अवधान-अस्थिरता असलेले, अध्ययन-अक्षमता असलेले, एकूणच ज्यांना हल्ली न्यूरोडायव्हर्जंट म्हणतात त्यांचे पुष्कळसे असेच आहे. आम्ही येथे स्वमग्नतेवर औषध सांगत नाही. ती मनाची व इंद्रियांची एक जन्मजात घडण आहे आणि ती 'बरी' करण्याची भाषा आपण सोडावी हे बरे. आमचा विषय त्या घडणीच्या माणसास लागणाऱ्या विश्रांतीचा आहे.

आता थोडे आपल्या परिसराकडे वळू. ज्या गिरणगावात आमचा दवाखाना आहे, तेथे विश्रांती मागण्याचा इतिहास जुना आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र आणले आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवले. त्यातील पहिल्या चार मागण्या पुष्कळांना ठाऊक असतात : रविवारी पूर्ण सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, आणि महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. पाचवी मागणी फारशी कोणी सांगत नाही. कामावर असताना गंभीर दुखापत होऊन जो कामगार काही काळ काम करण्यास असमर्थ होईल, त्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जो कायमचा अपंग होईल त्याच्या निर्वाहाची योग्य तजवीज व्हावी, अशी ती मागणी होती. त्या काळचा कामगार बारा बारा तास राबून दहा बाय दहाच्या खोलीत इतर दहा-पंधरा जणांबरोबर राहत असे. एक पाळीवर गेला की दुसरा त्याच जागी अंग टाकी. अशा माणसांनी सुटीच्या मागणीबरोबर बरे होण्याच्या काळाचीही मागणी लिहून ठेवावी, याचे आम्हास मोठे अप्रूप वाटते. बरे होण्यास काळ लागतो, तो मोजता येतो आणि त्या काळात पोट चालले पाहिजे, हे त्यांना अनुभवाने कळले होते. परिहारकालाची याहून चांगली व्याख्या आमच्या वाचनात नाही.

पहिल्या चार मागण्या हळूहळू पदरात पडल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुटी मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुटी व दुपारचा अर्धा तास आला. पगाराच्या तारखेसाठी १९३६ चा कायदा उजाडावा लागला. पाचवी मात्र तुकड्यातुकड्यांनी आली आणि अजून पुरती आलेली नाही. लोखंडे १८९७ च्या प्लेगात गेले. कामावरील अपघाताच्या भरपाईचा कायदा झाला १९२३ मध्ये. १९४८ च्या कायद्यान्वये राज्य कामगार विमा योजना आली, आणि तीत वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के आजारपणाचा लाभ, कामावरील दुखापतीस ९० टक्के, अशी तरतूद झाली. हे जुने कायदे आता २०२५ च्या नोव्हेंबरपासून नव्या कामगार संहितांत सामावले गेले आहेत. सेवेत असता अपंगत्व आल्यास कामावरून काढता येणार नाही, हे संरक्षण १९९५ च्या व पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिले, पण ते शासकीय आस्थापनांपुरते.

२०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले. स्वमग्नता, अध्ययन-अक्षमता, मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन यांना त्यात स्थान मिळाले. अवधान-अस्थिरतेस अद्याप नाही. त्याच कायद्यात 'वाजवी सोय' अशी एक संकल्पना आहे : माणसाच्या अडचणीप्रमाणे कामाच्या पद्धतीत योग्य तो बदल करून द्यावा, मात्र तो देणाऱ्यावर अवाजवी बोजा पडू नये. उतारवाट, लिफ्ट, ब्रेल फलक या सोयी डोळ्यांना दिसतात म्हणून त्यांची चर्चा होते. वेळ ही सोय दिसत नाही. महाराष्ट्रात अध्ययन-अक्षम मुलांना शालान्त परीक्षेत वाढीव वेळ देण्यास १९९६ मध्ये सुरुवात झाली, तेव्हा ही मुले परीक्षेत 'सवलत लाटतात' असे म्हणणारे शिक्षक आम्ही दादरमध्ये पाहिले आहेत. त्यांतील कित्येक मुले आता चाळिशीत आहेत, नोकरी करतात, आणि त्यांच्या कचेरीत वाढीव वेळ देणारे मंडळ नाही.

वैद्याने कायदा कशास सांगावा, असे कोणी म्हणेल. आमचे उत्तर एवढेच, की परिहारकाल ही आपल्या शास्त्राची संज्ञा आहे, आणि तो लिहून देण्याची लेखणी कायद्याने आपल्या हाती दिली आहे. त्याविषयी पुढे लिहितो. आधी 'व्यायाम करा' या आपल्या सार्वत्रिक उपदेशाविषयी.

गिरगावातील एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका भगिनी आमच्या जुन्या रुग्ण आहेत. वय बासष्ट. बालपणी पोलिओ होऊन डावा पाय अधू झाला. तरीही त्यांनी चाळीस वर्षे संसार केला, पहाटे पाणी भरले, गॅलरीच्या टोकाच्या संडासापर्यंत दिवसातून कितीदा तरी ये-जा केली. साठीच्या सुमारास चांगल्या पायातही बलहानी होऊ लागली. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. परळच्या हाफकिनमध्ये तयार झालेल्या लशीचा त्यात वाटा होता, याचा आपल्या भागास अभिमान असावा. परंतु रोग गेला तरी पन्नास ते ऐंशीच्या दशकांत ज्यांना तो झाला ती पिढी आपल्या बाकावर बसलेली आहे. कित्येक दशकांनी त्यांच्या स्नायूंत नव्याने दुर्बलता येते, हे आता सर्वमान्य आहे. शिल्लक राहिलेल्या चेतातंतूंनी वर्षानुवर्षे दुप्पट भार वाहिलेला असतो. अशा रुग्णास 'पाय चालते ठेवा, जिने चढा' असा उपदेश आपण प्रेमाने करतो आणि उरलेले बलही घालवतो.

व्यायामासाठी वाग्भटाने अर्धशक्तीची मर्यादा घातली, हे सर्वांस ठाऊक आहे. ती मर्यादा कोणासाठी आहे, हे मात्र आपण विसरतो. बलवान, स्निग्ध आहार घेणाऱ्या मनुष्यासाठी, शीतकाली व वसंतात. एरवी त्याहूनही कमी. वातपित्ताचे रोगी, बाल, वृद्ध, अजीर्णी यांना तर व्यायाम वर्ज्यच सांगितला आहे. म्हणजे अर्धशक्ती ही सशक्ताची सीमा आहे, दुर्बलाचे उद्दिष्ट नव्हे. दीर्घकालीन थकव्याच्या एका व्याधीसाठी टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढविण्याची शिफारस ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये मागे घेतली आणि बलाच्या मर्यादेत राहून काम व विश्रांती यांची आखणी करण्यावर भर दिला. याविषयी ऐकले तेव्हा आम्हास आनंद झाला आणि थोडी लाजही वाटली, कारण वाग्भट आमच्या कपाटात होता.

या भगिनींच्या बाबतीत आम्ही औषधांत फारसा बदल केला नाही. स्नेहन चालू होतेच. आम्ही त्यांच्यासह एक दिवस कागदावर मांडला : कोणत्या कामास किती बल लागते आणि त्यानंतर किती वेळ आडवे व्हावे लागते. जिना दिवसातून एकदाच. भाजी खालून दोरीच्या टोपलीने वर. पहाटेचे पाणी सुनेने व नातवाने भरावयाचे. स्वयंपाकात दर अर्ध्या तासाने दहा मिनिटे पाठ टेकावयाची. ही शेवटची गोष्ट त्यांना सर्वांत जड गेली. घरातील बाईने दिवसाउजेडी पाठ टेकणे म्हणजे काहीतरी अमंगळ, अशी त्यांची समजूत होती. शेवटी आम्ही ते औषधासारखे केसपेपरवर लिहिले, 'विश्राम, १० मिनिटे, दिवसातून सहा वेळा', आणि तो कागद त्यांनी स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेस अडकविला. घरातील कोणी विचारले तर त्या कागदाकडे बोट दाखवितात.

विश्रामाला औषध म्हणण्यात आम्ही अतिशयोक्ती करीत नाही. चरकाच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात जे अधारणीय वेग सांगितले, त्यांत निद्रा आहे आणि श्रमनिःश्वासही आहे. श्रमाने आलेला श्वास दाबून धरल्यास गुल्म, हृद्रोग व संमोह होतात आणि त्यावर विश्राम व वातघ्न क्रिया हितकर, असे तेथे सांगितले आहे. मूत्र-पुरीषाच्या वेगांविषयी आपण प्रत्येक रुग्णास विचारतो. थकव्याचा वेग किती दाबला, हे विचारतो का? दिवसा झोपण्यास जे पात्र सांगितले आहेत, त्यांची एकविसाव्या अध्यायातील यादीही पुन्हा पाहावी. भार वाहून व चालून क्षीण झालेले, अध्ययनाने थकलेले, दुर्बल, जखमी, उन्मत्त, शोकाने व भयाने क्लांत झालेले, असे सारे त्यात आहेत. वाहनप्रवासाने थकलेलाही आहे. आचार्यांनी आपली सकाळची गाडी पाहिली नव्हती, तरीही तो आहे.

येथे एक आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. बसण्याचे व झोपण्याचे सुख हेच प्रमेहाचे हेतू म्हणून शास्त्राने सांगितले आहेत; शहरात स्थौल्य व मधुमेह बोकाळले असता आम्ही विश्रांतीची वकिली काय करतो? गल्ल्यावर दिवसभर बसणाऱ्या मेदस्वी गृहस्थास आम्हीही चालावयासच सांगतो. परंतु गादीवर बसलेला सुखासीन आणि श्रवणेंद्रियाचा अतियोग सोसून माळ्यावर पडलेला तरुण यांना एकच पथ्य देणे ही चिकित्सा नव्हे. आणि परिहारात दिवास्वापही वर्ज्य आहे, हे आम्ही आरंभीच नोंदविले. विश्रांती म्हणजे केवळ झोप नाही. स्वमग्न मनुष्यास पुष्कळदा झोपेहून शांतता, अंधुक प्रकाश आणि कोणी न बोलणे यांची अधिक गरज असते.

इंद्रियार्थांच्या अतियोगाचे उदाहरण देताना चरकाने मेघगर्जना, पटह आणि आरोळ्या यांचा उल्लेख केला आहे. लालबाग-परळच्या वैद्यास याचा अर्थ भाद्रपदात समजावून सांगावा लागत नाही. आमचा तो तरुण गणपतीचा मोठा भक्त. मखराची कापाकापी तो स्वतः करतो आणि त्याइतके सुबक काम चाळीत दुसऱ्यास साधत नाही. पण गल्लीच्या तोंडाशी ढोलपथक सराव करू लागले की त्याचे हात कानांवर जातात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकास मनाई केली, आणि वर्षातील काही दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याची मुभाही ठेवली. उत्सवास आमचा विरोध नाही. गिरगावात केशवजी नाईक चाळीचा १८९३ पासूनचा उत्सव साधेपणाने चालतोच आहे. आमची सूचना वैद्यापुरती आहे. ज्या घरी असा रुग्ण आहे त्या घराशी श्रावणातच बोलावे : दहा दिवसांपैकी कोणते दिवस त्याने नातेवाइकांकडे शांत जागी राहावे, विसर्जनानंतर कामावर जाण्यापूर्वी किती दिवस मोकळे ठेवावेत. हाही परिहारकालच.

आता लेखणीविषयी. नोंदणीकृत वैद्यास वैद्यकीय प्रमाणपत्र देण्याचा अधिकार आहे. अपंगत्वाचे प्रमाणपत्र शासनाने नेमलेले अधिकारीच देतात, त्यात आपण पडू नये. परंतु अमुक रुग्णास अमुक कारणाने इतके दिवस विश्रांती आवश्यक आहे, इतक्या काळानंतर अर्धवेळ काम झेपेल, शांत जागा द्यावी, हे आपण लिहू शकतो. मग कित्येक कचेऱ्या आपले प्रमाणपत्र पाहताच नाक का मुरडतात? आयुर्वेदाविषयीचा आकस, हे एक कारण. पण ते पुढे करून आपण सुटू नये. लग्नसराईत व सुट्यांच्या हंगामात 'ज्वर, पाच दिवस' अशी प्रमाणपत्रे पन्नास-शंभर रुपयांत रुग्णास न पाहता देणारे आपल्यातच आहेत, हे आपण सारे जाणतो आणि सभेत कोणी बोलत नाही. ज्यास खरोखर तीन आठवडे हवेत, त्याचा कागद या खोट्या कागदांच्या गठ्ठ्यात सापडतो. आमच्या तरुणाचा पहिला कागद याच शब्दांनी परत आला : 'असली सर्टिफिकेटे पुष्कळ येतात.'

औषधनिर्मात्यांशी व फार्मसीचालकांशीही दोन शब्द. 'थकव्यावर काहीतरी द्या' असे म्हणणारे गिऱ्हाईक वैद्याआधी आपल्या गल्ल्यावर येते. अंधत्व, बहिरेपणा, पक्षाघात यांवर गुण देण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे आणि प्रतिष्ठित मंडळी ती पाळतात. पण 'थकवा विसरा', 'मेंदू सतेज' अशी वेष्टने सर्रास दिसतात. अश्वगंधा बल्य आहे, ती आम्हीही रोज लिहितो. परंतु बल्य द्रव्य देऊन रुग्णास त्याच गाडीत, त्याच पाळीत पाठवावयाचे, हे भांडे गळते ठेवून त्यात पाणी ओतण्यासारखे आहे. आमचे एक फार्मसीचालक मित्र परळला आहेत. त्यांच्याकडे वेष्टने चिकटविणारा एक अध्ययन-अक्षम तरुण दुपारी जेवल्यावर अर्धा तास गोदामात एकटा बसे. चूर्णाच्या यंत्राचा आवाज त्यास सोसत नसे. मित्राने प्रथम त्या अर्ध्या तासाचा पगार कापला. महिन्याभरात उलटसुलट लागलेल्या वेष्टनांचे दोन खोके परत आले, तेव्हा त्यांनी हिशेब पुन्हा केला. आता तो अर्धा तास पगारी आहे आणि यंत्र त्या वेळी बंद ठेवतात. त्यामुळे इतर दोघांचीही डोकेदुखी थांबली, असे ते सांगतात. छोट्या आस्थापनांना रजेच्या कायद्यातील पुष्कळ कलमे लागू होत नाहीत. त्यांना कायदा विचारणार नाही. विचारले तर आपणच आपल्याला विचारावयाचे.

लालबागच्या तरुणाचे पुढे काय झाले, हे वाचकांस जाणून घ्यावेसे वाटेल. आम्ही व्यायाम बंद केला, रविवार परत दिला, आणि दुसरे प्रमाणपत्र दोन पानी लिहिले. त्यात तपासणीच्या तारखा, रुग्णालयाचे निदान, २०१६ च्या कायद्यातील वाजवी सोयीचा उल्लेख, सहा आठवड्यांचा परिहारकाल आणि नंतर सहा आठवडे अर्धवेळ काम, असे सारे नमूद केले व खाली आमचा दूरध्वनी क्रमांक दिला. कचेरीतून फोन आला. बोलणारी बाई समंजस होती. पगारी रजा तीन आठवड्यांचीच मिळाली, उरलेली बिनपगारी. अर्धवेळ कामास नकार मिळाला, पण सकाळी गर्दी उलटल्यावर अकरास येण्यास परवानगी मिळाली. चौथ्या महिन्यात तो घरी पुन्हा बोलू लागला. पूर्वीइतके नाही. आई आता हाक मारीत नाही, ताट झाकून माळ्याच्या शिडीपाशी ठेवते. या माउलीला स्वतःला विश्रांती केव्हा मिळते, हे विचारावयाचे आमच्याकडून राहिलेच होते. गेल्या खेपेस विचारले, तर ती नुसतीच हसली.

आमच्या दवाखान्यात आम्ही दोन बदल केले आहेत. मंगळवारी व शुक्रवारी दुपारी तीन ते चार या वेळात दूरचित्रवाणी व घंटी बंद असते, एका वेळी एकच रुग्ण आत बसतो, आणि ज्यांना गर्दी व आवाज सोसत नाही त्यांना ती वेळ दिली जाते. दुसरे, केसपेपरवर निदान, औषध, पथ्य यांच्या खाली 'परिहार' असा एक रकाना छापून घेतला आहे. त्यात दिवसांचा आकडा घातल्याशिवाय कागद रुग्णाच्या हाती द्यावयाचा नाही, असे ठरविले आहे. रुग्णास तो किती पाळता आला आणि कचेरीने वा घराने काय उत्तर दिले, याची नोंद वेगळ्या वहीत ठेवीत आहोत. ज्या वैद्यबंधुभगिनींस शक्य असेल त्यांनी आपापल्या दवाखान्यात अशी वही एका तिमाहीपुरती ठेवावी आणि रुग्णाचे नाव वगळून ती संपादकांकडे पाठवावी, ही विनंती. परत आलेली प्रमाणपत्रेही, उत्तरासह, अवश्य पाठवावीत.